डाव्या दाण्याला हळद लागली

राजमान्य राजश्री साडूभाऊ भागोजी थळे यांना नामा जोमा घरत याचा दोन्ही हात जोडून रामराम. पत्र तुमच्या हाती पडेल तेव्हा तुम्ही जेवून उठलेले असावेत, कारण उपाशीपोटी वाचण्यासारखं हे पत्र नाही. तुमचा गुडघा कसा आहे? येसूबाईंचा खोकला गेला का? (गेला नसेल तर अडुळसा द्या आणि गेला असेल तरी द्या, त्यांना गळा लागणार आहे. का, ते पुढे येईल.) सूनबाई, नातू, दारातली गाय सगळी खुशाल असतील. आमच्याकडेही सर्व ठीक आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणाल तर काहीही ठीक नाही. उजवा दाणा सकाळपासून सापडत नाही, डावा हळदीने बसला आहे, आणि रविवारी होणारा नातजावई घरी येणार आहे.

तुम्ही म्हणाल, नामाभाऊंनी फोन का केला नाही. भाऊ, तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो. मागे मी माझ्या मूळव्याधीचं तुम्हाला म्हणून सांगितलं, ते तुमच्या ओटीवर मासळी विकायला आलेल्या बाईने ऐकून मला औषध सुचवलं. तेव्हा हे पत्र मनातल्या मनात वाचा, ओठसुद्धा हलवू नका. मला स्वतःला ते जमत नाही. मी चौथीपर्यंत शिकलो, आणि आमचे मास्तर म्हणायचे की जे लिहाल ते तोंडाने बोला म्हणजे अक्षर पळून जात नाही. ती सवय अजून आहे. आत्ताही प्रत्येक शब्द मोठ्याने बोलतच लिहितोय. समोर तुमची थोरली मेव्हणी, आमची कृष्णाबाई, पाटावर बसून सुका जवळा निवडते आहे, पण तिची काळजी नाही. (माझं बोलणं तिने लग्नापासून कानावर घेतलेलं नाही.)

आता मूळ गोष्ट. आमच्या जागृतीचं लग्न अक्षय्य तृतीयेनंतरच्या आठवड्यात आहे, हे तुम्हाला पत्रिकेवरून कळलंच असेल. मुलगा प्रज्योत, पनवेलकडचा, बंदरावर कंटेनरच्या हापिसात आहे. मुलगा सोन्यासारखा. काळजी त्याची नाही. काळजी ही की कृष्णाबाई धवला गायला तयार नाही. तुम्हाला सांगायला नको, धवलारणीने गावदेवाला, दर्याला, शिवेवरच्या राखणदाराला नाव घेऊन लग्नाला बोलावल्याशिवाय आपल्यात हळद लागत नाही. अख्ख्या पंचक्रोशीतल्या पोरींना हिने गाऊन हळद लावली, आणि स्वतःच्या नातीच्या वेळेला म्हणते, "माजा गला बसलाय. लावा तो डीजे." आमच्या मोठ्याने खरोखरच डीजे ठरवला. आता डीजेवाला कुणाला बोलावणार? पोलिसांनाच. आणि जागृती म्हणते, "आजीने धवला नाय गायला तर मी पाटावर बसणारच नाय. विषय संपला." ती हिचीच नात आहे. बसणार नाही म्हणजे बसणार नाही. पाट मांडलेला, हळद कालवलेली, पाहुणे आलेले आणि नवरी खोलीत कडी लावून, हे चित्र मला दुपारी डोळा लागला तरी दिसतं.

गळा बसलाय हे बायकांना सांगायला ठीक आहे. मला वाटतं तिचं मन बसलंय, ते तुमच्या धाकट्याच्या हळदीपासून. आठवतंय ना? दोघी बहिणी जोडीने गात होत्या, लहानपणापासून गातात तशा, आणि मध्येच येसूबाई भर मांडवात म्हणाल्या, "ताय, मी पार राखनदारापावेतो आले, तू अजून दर्यालाच बोलावतंस?" बायका हसल्या. त्यात काही वाईट नव्हतं, मीही हसलो. (ते तिने बघितलं. तेही एक आहे.) पण त्या दिवसापासून दोघी बोलत नाहीत, आणि कृष्णाबाईने तोंडातून एक ओळ काढलेली नाही. ही म्हणते, धाकटीने आधी बोलावं. तुमच्याकडची काय म्हणत असेल ते मी न विचारता सांगू शकतो.

तर मी विचार केला की हिला जुनं गाणं ऐकवावं. आमच्या मोठ्याच्या लग्नात दोघींनी गायलेल्या धवल्याची कॅसेट माझ्याकडे आहे, पण ती वाजवायचं यंत्र मुंग्यांनी खाल्लं. (मुंग्या यंत्र खातात हे मलाही तेव्हाच कळलं.) प्रज्योत साखरपुड्यानंतर एकदा आला तेव्हा मी त्याला हळूच म्हटलं, बाबा, ही कॅसेट कशात तरी भरून दे, आणि आवाज जरा मोठा येईल असं बघ, मला हल्ली कमी ऐकू येतं. पोरगा आवाजाचा शौकीन निघाला. पुढच्या वेळी येताना त्याने पेटीत मांडलेल्या दागिन्यांसारख्या तीन वस्तू आणल्या. एक गाण्यांची डबी, तंबाखूच्या डबीएवढी, तिला काचेचं तोंड, आणि आमची कॅसेट तिच्यात भरलेली. दुसरं कानात घालायचे दोन दाणे, त्यांचा वेगळा करंडा. आणि तिसरी साबणाच्या वापरून झिजलेल्या वडीएवढी एक चीज. मी विचारलं, हे काय? म्हणाला, "आजोबा, हा ॲम्प्लिफायर." भाऊ, मी ॲम्प्लिफायर बघितलेत. मांडवात दोन माणसं उचलतात त्याला ॲम्प्लिफायर म्हणतात. पण होणाऱ्या जावयाला तू फसलास असं कसं सांगणार? मी म्हटलं, वा, फारच सुबक आहे.

पहिली चूक तिथेच झाली, आणि ती चूक म्हणावी का हेसुद्धा मला ठरवता येत नाही. सोयऱ्याकडून घरात आलेली पहिली वस्तू. ती तशीच कानात घालायची? आमच्या मोठ्याच्या ट्रेलरची पूजा केली, पिठाच्या गिरणीची केली, फवारणीच्या पंपाचीही केली. कृष्णाबाईने ताट केलं, तिन्ही वस्तू देवापुढे मांडल्या आणि हळदकुंकू लावलं. डबीला काचेवर लावलं, वडीला मधोमध लावलं, आणि दाण्यांना, ते कानात जायचे म्हणून, नेमकं तोंडाला लावलं. त्या तोंडाला बारीक जाळी असते हे आम्हाला काय माहीत? वर मी नारळ फोडला, तो पहिल्या घावात फुटला (शुभ आहे), आणि पाणी ताटात गेलं (ते कसं आहे ते कळलं नाही). उजवा दाणा नशिबाने कडेला होता. डावा न्हाला. हळद, कुंकू आणि नारळाचं पाणी यांचा जाळीत जो गिलावा बसला तो मी झाडूच्या काडीने, दात घासायच्या ब्रशने आणि शेवटी कृष्णाबाईच्या नथीच्या तारेने टोकरून बघितला. डाव्यातून आता लांब खाजणाच्या चिखलात कुणीतरी कण्हतंय असा आवाज येतो. वास मात्र फार पवित्र येतो.

त्यानंतर जोडी जुळवणं. प्रज्योत जाताना सांगून गेला की डबीची आणि दाण्यांची एकदा जोडी जुळली की पुन्हा बघायला नको, ती एकमेकांना लांबूनही ओळखतात. मी त्याला दोनदा विचारून घेतलं आणि तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटली. इथे घोटाळा झाला. मला वाटलं, दाण्यांची जोडी ॲम्प्लिफायरशी लावायची. आवाज मोठा करणारा तोच ना? मग त्याच्यातून आवाज निघणार आणि दाण्यात जाणार, जसा मांडवात पेटीतून निघून कर्ण्यात जातो. मी वडी आणि करंडा पाटावर समोरासमोर ठेवले. दोघांनी दिवे लुकलुकवले. दाण्यातून एक बाई इंग्रजीत काहीतरी बोलली, शांत आणि कंटाळलेल्या आवाजात, जशी बँकेतली बाई आपल्याला उद्या या म्हणते. मग दोन्ही दिवे विझले. पुन्हा केलं, पुन्हा तसंच. आमचे धर्माभाऊ (वीज मंडळात खांबावर चढायचे, तुम्ही ओळखता) येऊन म्हणाले, "नामा, यांना एकांत पायजे. दोगांना एका डब्यात घाल आनि झाकन लाव." मी पितळी डब्यात घालून झाकण लावलं. धर्माभाऊ बाहेर चहा पीत बसले आणि मधूनमधून विचारत होते, "झाली का सोयरीक?" त्यांना चेष्टा सुचते. त्यांच्या घरी लग्न नाही.

आणि इकडे प्रज्योतचा रोज फोन. "आजोबा, कसा वाटतो आवाज?" मी सांगतो, "फार गोड." "बेस जास्त होत नाही ना?" बेस म्हणजे काय ते मला माहीत नाही, पण जास्त झालं तर पोराला वाईट वाटेल म्हणून मी म्हणतो, "नाही, बेताचाच आहे." एकदा म्हणाला, "डाव्या-उजव्याचा फरक कळतो ना?" त्यावर मी अगदी मनापासून म्हटलं, "फार कळतो." जागृतीला विचारावं तर ती लगेच त्याला कळवणार, की आजोबांनी तुझ्या दाण्यांना हळद लावली. उद्या ही गोष्ट व्याह्यांच्या कानी गेली तर मांडवात बसून ते माझ्याकडे बघतील आणि हसतील, आणि मला त्यांच्या पाया पडायचं असेल. मी मुलीकडचा आजा. माझी बाजू पडती.

शेवटी उरणच्या बाजारात मोबाइलच्या दुकानात गेलो. तिथे रुचिता म्हणून मुलगी आहे, आपल्यातलीच, जबडा सतत चालू, च्युइंगमने आणि बोलण्याने. तिने जाळी बघितली, वास घेतला आणि म्हणाली, "आजोबा, याची हळद झाली, आता लगीन कवा?" मग मी तिला वडी आणि दाण्यांची हकीकत सांगितली, तर ती हसता हसता खुर्चीवर बसली. म्हणाली, "आवो, हे दोघं पन ऐकनारे. वडीला वायरवाला हेडफोन लावायचा, तो वेगला. दाने आपले आपन ऐकतात. बोलनारी ही डबी. दोन ऐकनारे समोरासमोर बसवले तर बोलनार कोन? दोघं आपले वाट बघत बसतात." भाऊ, हे वाक्य घेऊन मी रिक्षात बसलो ते घरी येईपर्यंत उतरलं नाही. अशा दोघीजणी तुमच्याही ओळखीच्या आहेत, माझ्याही आहेत.

तर रुचिताने डबीची आणि दाण्यांची जोडी लावून दिली. डबीच्या काचेवर नावांची यादी येते, तिच्यात सगळ्यात वरचं नाव आपलं, त्याच्यावर बोट ठेवायचं, असं तिने शिकवलं. एक 'विसरा' म्हणूनही बटण असतं. ते दाबलं की डबी समोरच्याला कायमची विसरते, पण आधी विचारते, नक्की विसरू का? (माणसाला एवढी सोय नाही.) शिवाय दाण्यावर बोट धरून ठेवलं की बाहेरचा आवाज आत येतो, मोठा होऊन. तिने ते माझ्या कानात करून दाखवलं आणि मी घाबरलो. रस्त्यापलीकडचा भजीवाला तेलात भजी सोडतोय तेही ऐकू आलं, आणि स्वतःचं गिळणं तर असं ऐकू आलं की कुणीतरी विहिरीत दगड टाकतंय. मी तिला म्हटलं, बाई, हे काढ, मला एवढं ऐकायचं नाही. ती म्हणाली, असू दे, कधीतरी लागेल.

घरी येऊन पहिला प्रयोग कृष्णाबाईवर केला. (चाचणीपुरता. वस्तू माझ्या कानांसाठीच आहे.) तिला ओटीवर बसवलं, दाणे कानात घातले, खुणेने सांगितलं की ऐक. ती डोळे मिटून बसली. थोड्या वेळाने मान हलवायला लागली आणि म्हणाली, "बरं वाजतंय." मला इतका आनंद झाला की डबी बघायला हातात घेतली. डबी बंद होती, भाऊ. मी ती सुरूच केली नव्हती. ती माझं मन राखायला म्हणाली असेल असं धरून चाललो, मी प्रज्योतचं राखतो तसं. पण त्या दुपारी मला जेवण गेलं नाही.

आता परवाची गोष्ट, जिच्यासाठी मी गावात मान खाली घालून चालतोय. आमच्या मागच्या आळीत भोईरांकडे हळद होती. संध्याकाळी पाच-साडेपाचलाच डीजेची पेटी उभी राहिली. पेटी कसली, अर्ध्या कंटेनरएवढी भिंत. तिने एक गाणं वाजवलं तर आमच्या पत्र्यावरची घूस खाली पडली. मग डीजेवाला पोरगा नाश्ता करायला गेला आणि जरा शांत झालं. मी म्हटलं हीच वेळ. कृष्णाबाई अंगणात भांडी घासत होती. मी मागच्या दारी बसून डबी उघडली. यादी आली. सगळ्यात वरच्या नावावर बोट ठेवायचं, हे रुचिताने शिकवलेलं मी विसरलो नव्हतो. ठेवलं. कॅसेटवालं गाणं लावलं. दाण्यात आवाज आला नाही.

आवाज भोईरांच्या भिंतीतून आला.

पहिल्यांदा कॅसेटची खरखर आली, म्हणजे डोंगर सरकल्यासारखी. मग कृष्णाबाईचा तरुणपणचा आवाज गावावर उभा राहिला, गावदेवाला बोलवत. त्याच्यामागून येसूबाईंचा, पाणी भरून येतं तसा. मला कळेना काय झालं. (यादीत सगळ्यात वरचं नाव त्या वेळी डीजेच्या पेटीचं होतं, हे मागाहून कळलं.) मी आवाज कमी करायला बटण दाबलं, ते उलटं होतं. मागच्या आळीत आरडाओरडा झाला. डीजेवाला पोरगा हातात वडापाव घेऊन धावत आला आणि एकेक वायर उपटायला लागला, पण बिनवायरच्या सोयरिकीला वायर उपटून काय होणार? भोईरांची म्हातारी काठी टेकत मांडवाबाहेर आली आणि ओरडली, "कृष्णा आली! पोरीनों, वाटी धरा, कृष्णा आली!" बायका हळदीच्या वाट्या घेऊन हिला शोधायला लागल्या. मी मागच्या दारी बसून त्या डबीवर बोटं मारतोय, घामाने बोट घसरतंय, आणि दर वेळी आवाज एकेक पायरी चढतोय. मला वाटलं आता पोलीस येणार, आणि आले की विचारणार, आजोबा, हा आवाज कुणाचा? आणि मी सांगणार, माझ्या बायकोचा.

घाबरून अंगणात आलो तर कृष्णाबाई उभी होती. हातात राखेने भरलेला टोप, आणि चेहरा वर, पाऊस आला की नाही बघतात तसा. ती म्हणाली, "येसू." एवढंच. गाणं दर्याच्या कडव्यापाशी आलं. तुम्हाला ते ठाऊक आहे, तिथे येसूबाई नेहमीच जरा पुढे पळतात. कृष्णाबाई चिडून म्हणाली, "घाई करतंय! कवापासून सांगतंय, घाई करू नको!" आणि भांड्यावर बोटांनी ताल धरून गायला लागली. भाऊ, गळा बसलेला नाही. गळ्याला काहीही झालेलं नाही. ती त्या जुन्या आवाजाबरोबर गात होती आणि दर्याच्या कडव्यावर, जिथे तुमच्या मांडवात दोघी सुटल्या होत्या, तिथे तिन्ही आवाज एकदम येऊन पोचले. तिन्ही म्हणजे जुन्या दोघी आणि आजची ही. मी ऐकत उभा राहिलो, म्हणून बोट थांबलं, म्हणून काचेवरची अक्षरं दिसली. 'विसरा' दाबलं. नक्की विसरू का, डबी म्हणाली. हो म्हटलं. आवाज बंद झाला, आणि ही अर्धी ओळ एकटीच गात राहिली. मग थांबली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "का बंद केलात?"

भोईरांच्या बायका आल्या, काकी चला, काकी चला, असं खूप केलं. हिने त्यांना गळा बसलाय असंच सांगितलं. (त्यांनी नुकताच ऐकलेला गळा.) त्या गेल्यावर मला म्हणाली, "एकटीनं न्हाय जमायचं," आणि पुन्हा भांडी घासायला बसली.

हे असं आहे. आणि आज सकाळी करंडा उघडून बघतो तर उजवा दाणा नाही. चटईखाली बघितलं, देवामागे बघितलं, निवडून ठेवलेल्या जवळ्याची टोपली उपसली तेव्हा हिने हातावर मारलं. लाल कोंबडी माझ्याकडे चोरासारखी बघते आहे, तिचा मला संशय आहे, पण जागृतीच्या हळदीच्या तोंडावर कोंबडी कापून बघावी आणि आत काही निघू नये, याहून वाईट शकुन कोणता? रविवारी प्रज्योत येणार आणि म्हणणार, आजोबा, कानात घाला बघू. तेव्हा माझ्याकडे फक्त हळद लागलेला डावा असेल.

तुम्ही आणि येसूबाई लग्नाला याल ना, हे विचारण्यापुरतंच हे पत्र होतं, थोडं लांबलं. लहानथोरांना ज्याचं त्याला सांगा, तब्येतीला जपा, आणि ज्या काळज्या तुमच्याकडे कमी असतील त्या माझ्याकडून मागून घ्या, पुष्कळ शिल्लक आहेत.

आपला साडू,
नामा जोमा घरत

ता. क. पत्र धर्माभाऊंबरोबर पाठवतोय, ते उद्या करंजाहून बोटीने रेवसला उतरून तुमच्याकडे येतील. परत येताना त्यांच्याबरोबर पांढऱ्या कांद्याची एक चांगली माळ द्यावी. खरं तर एवढ्याचसाठी पत्र लिहिलं.

दुसरा ता. क. कांद्याचं राहू द्या. भागोजी, आता जे लिहितो ते दोनदा वाचा. माझे कान ठणठणीत आहेत. मला समोरच्या घरातली कुजबुज ऐकू येते आणि ती बहुतेक माझ्याबद्दल असते. ऐकू येत नाही ते कृष्णाबाईला. डाव्या कानाने तर जवळजवळ नाहीच, उजव्याने थोडंसं. तुमच्या मांडवात ती चुकली ती यामुळे, येसूबाई पुढे गेल्या ते तिला ऐकूच आलं नाही. हे तिने कुणाला सांगितलेलं नाही, मलाही नाही. मला बघून बघून कळलं. ऐकू न येणारी धवलारीण कोण बोलावणार, म्हणून ती आधीच गळ्याचं नाव पुढे करून मोकळी झाली आहे. म्हणून विनंती की येसूबाईंनी लग्नाच्या चार दिवस आधी यावं, रागावून यावं, भांडायला यावं, कसंही यावं. आणि गाताना तिच्या उजव्या बाजूला अगदी चिकटून बसावं, आणि ताल तिच्या गुडघ्यावर धरावा, तिला हाताने कळेल. का ते कुणालाही सांगू नये. येसूबाईंना हा एवढाच भाग वाचून दाखवा. आणि मी सांगितलं हे कृष्णाबाईला कधीही, कधीही कळता कामा नये. ती मला घरात ठेवणार नाही.

तिसरा ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा फोडलं. मी वरचा भाग नेहमीसारखा मोठ्याने बोलत लिहून संपवला तेव्हा कृष्णाबाई जवळ्यातून मान वर न करता म्हणाली, "उजव्या बाजूला नवरी बसते. तितं येसू कशी बसल? तिला म्होरं बसव, मना तिचं त्वांड दिसाया पायजे." मी लिहायचा थांबलो. ती म्हणाली, "आनि लिव, दर्याच्या कडव्याला घाई करू नको म्हनावं." मग तिने डोक्यावरचा पदर मागे केला. उजवा दाणा तिच्या कानात होता. म्हणते, डबी बंद होती त्या दिवशी तिने खोटं सांगितलं नव्हतं. रुचिताने सुरू केलेला बाहेरचा आवाज तसाच राहिला होता; कोंबड्या, समोरचा नळ आणि माझी बडबड, सगळं त्याच्यातून येत होतं, आणि ते तिला खरोखर बरं वाजलं होतं. तेव्हापासून मी बाहेर गेलो की ती घालून बसते, आज काढायचं राहिलं. म्हणजे हे पत्र तिने रामरामापासून ऐकलं आहे, मूळव्याधीसकट.

ती मला काहीच बोललेली नाही, याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. पण आत्ता उठून तिने पेटी उघडली आणि धवलारणीने हळदीला नेसायची पिवळी लुगडी बाहेर दोरीवर उन्हात टाकली. ही शेवटची ओळ मी तोंड गच्च मिटून लिहितोय. दोन टाकली आहेत.